आठ अंश उजवीकडे

थोंग आ-सिन डोंगरातून खाली आला
तेव्हा त्याच्या आधी त्याचा वास आला.
दरवानानं अगोदर खिडकी उघडली, मग दार.

अंगरखा, वेताची पाटी, बोटांच्या बेचक्या,
सगळं कापराचं.
म्हणाला, आमच्या खोपटात डास फिरकत नाही,
पण बायकोला आल्याचासुद्धा वास येत नाही,
बारा वर्षं झाली.

ताइहोकूत, मक्तेदारी खात्याच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस.
ओलावा, राख, वितळणबिंदू.
पहिली प्रत, दुसरी प्रत, परत.
माझा शिक्का बसला की कोबेच्या धक्क्यावर पेटी हलते
आणि कुठेतरी कंगवा होतो, बाहुलीचा गाल होतो,
शर्टाची कडक कॉलर, पिंगपाँगचा चेंडू,
सिनेमाची पट्टी, जिच्यावर एक बाई
दर संध्याकाळी त्याच जिन्यावरून उतरते.

आ-सिननं यातलं काही पाहिलं नव्हतं.
त्याला माहीत होतं झाड.
दोघांच्या कवेत न मावणारं,
तासलं की माशाच्या खवल्यांसारख्या ढलप्या,
भट्टीवर पिंप, पिंपात वाफ,
आणि पहाटे थंड पेटीच्या झाकणाला
आतून धरलेलं पांढरं.
झाड तायाल लोकांच्या डोंगरातलं.
मधे सरकारनं ओढलेली विजेची तार.
तिच्याबद्दल तो बोलला नाही.
मीही नोंदवहीत तिच्यासाठी रकाना शोधला नाही.

त्यानं विचारलं एवढंच:
भाव निम्म्यावर कसा आला?
झाडं तर संपत आली.
कमी झालं की महागतं ना?

मी फळीवरून दुसरी बाटली काढली.
जर्मनीची. टर्पेंटाइनपासून केलेला कापूर,
कधी कुठल्या कापराच्या झाडाखाली न गेलेला.
त्यानं हुंगला. चिमटीत चोळला. जिभेवर ठेवला.
दुसऱ्याच्या घरी आपल्याच तोंडावळ्याचं पोर दिसावं
तसा बघत राहिला.
"हा आमचाच."
नाही, म्हटलं. थांब.

खोलीत अंधार केला. मिठाची पिवळी ज्योत लावली.
त्याचा कापूर मद्यार्कात विरघळवला,
नळीत भरला, नळी यंत्रात,
आणि त्याचा डोळा भिंगाला.
वर्तुळाचे दोन अर्धे: एक उजळ, एक काळवंडलेला.
त्यानं चकती फिरवली,
उजवीकडे, अजून जरा उजवीकडे,
आठ अंशांपुढे थोडी, तिथे दोन्ही अर्धे एक झाले.
मग जर्मन कापूर.
शून्यावरच सारखे. चकतीला हात लावावा लागला नाही.

"तुझा कापूर उजेडाला वळवतो," मी सांगितलं.
"झाड एकाच हाताचा घडवतं.
कारखान्यात डावे-उजवे जोडीनं जन्मतात,
जमा तितकाच खर्च, शिल्लक शून्य."
फार ऐटीत सांगितलं असणार.
तेवीस वर्षांचा होतो.

तो अजून डोळा लावून बसलेला.
"म्हणजे आमचा खरा."
हो.
"मग पैसे जास्त?"

सेल्युलॉइडला त्याचं सोयरसुतक नाही, कसं सांगू?
कंगवा केसांतून तसाच फिरतो.
जिन्यावरची बाई तशीच उतरते,
पाय न चुकता.

मी ज्योत मालवली.

त्यानं पाटी उचलली.
जाताना एक खडा टेबलावर ठेवला,
वजन न करता, पावती न मागता.
नमुना म्हणून नोंदवायला हवा होता मी.
कागदात गुंडाळून घरी नेला, कपाटात ठेवला.

वसंतात पुडी उघडली.
घड्या जशाच्या तशा, आत काही नाही.
ओलसुद्धा नाही. कापूर पाणी होऊन जात नाही,
सरळ जातो.

घरमालकीण दारात थबकली,
नाक उंचावून म्हणाली,
कोण राहून गेलं इथे?